हात उघडला का?

रामटेकेभाऊंनी मला विचारलेला शेवटचा प्रश्न हाच. रविवारची दुपार होती. सरकारी दवाखान्यातल्या खिडकीजवळच्या खाटेवर ते उशीला टेकून बसले होते, डोळे हळदीसारखे पिवळे आणि आवाज इतका खोल गेलेला की मला वाकून ऐकावं लागलं. "हात उघडला का?" मी एका दमात म्हणून टाकलं, "हो हो, उघडला ना, रोज उघडते, तुम्ही नका काळजी करू." त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मग मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले. मी आणलेली सफरचंदं ठेवली, काही लागलं तर सांगा असं वहिनींना म्हणाले आणि निघाले. मंगळवारी सकाळी डबा भरत होते तेव्हा फोन आला... भाऊ गेले. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या रविवारी हात उघडलेला नव्हता. त्याआधीच्या दोन आठवड्यांत एकदाही नाही. हा लेख लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले, कारण गेलेल्या माणसाविषयी लिहायला घ्यावं आणि पहिल्याच ओळीत आपलं खोटं पुढ्यात येऊन बसावं, हे कुणाला आवडेल? पण ते बाजूला ठेवलं तर भाऊंबद्दल काही लिहिताच येत नाही.

समता कॉलोनीतल्या एका स्कॅनिंग सेंटरमध्ये मी काउंटर आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळते. रामटेकेभाऊ तिथले... काय म्हणावं? त्यांच्या पदाला धड नाव कधी मिळालंच नाही. डॉक्टरसाहेब त्यांना इंजिनियर म्हणत, पेशंट तारवाले भैया म्हणत आणि हजेरीच्या रजिस्टरात त्यांचं नाव ड्रायव्हरच्या खाली होतं. घर गुढियारीत. वडील नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. भाऊंनी स्वतः पंधरा-सोळा वर्षं टेलिफोनच्या खांबांवर काढली, ठेकेदाराकडे लाइनमन म्हणून. घरोघरचे फोन मुके व्हायला लागले तेव्हा ते खांबावरून उतरले आणि चाळिशीत, मुलीच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या पुस्तकापासून सुरुवात करून, हे नवं काम शिकले. खांबावरची सवय मात्र गेली नाही. लाइन जोडली की फोन कानाला लावून हॅलो म्हणायचं आणि पलीकडून हॅलो ऐकू आल्याशिवाय खाली उतरायचं नाही. "जोडलं म्हंजे लागलं असं नाही राहत," म्हणायचे. "पलीकडचा बोलला पाहिजे." दहा वर्षं मी हे वाक्य ऐकलं, आणि खरं सांगायचं तर त्यातली निदान सात वर्षं मला त्याचा कंटाळा आला होता.

आमच्याकडे पेशंटचे एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी हे सगळं सर्व्हरच्या पोटात राहत नाही. आतल्या बंद खोलीत आठ डिस्कची एक वेगळी पेटी आहे, आणि ती निळ्या केबलने सर्व्हरला जोडलेली आहे. सर्व्हरला वाटतं ही आपलीच डिस्क. पण मधली जोडणी सुटली की काउंटरवर माझ्या पडद्यावर 'ड्राइव्ह सापडत नाही' असं येतं आणि समोर पेशंटची रांग वाढत जाते. ही पेटी आली त्या दिवशी ती जिन्याने वर चढवायला भाऊ आणि मी असे दोघंच होतो. वरची बाजू माझ्याकडे, खालची त्यांच्याकडे. काउंटरवरचा फोन वाजत होता आणि वाजता फोन मला कधी सहन होत नाही. दोन पायऱ्या उरल्या असताना मी "आलं, आलं" म्हणत माझी बाजू टेकवली आणि सोडून दिली. पेटी खाली घसरली ती थेट त्यांच्या डाव्या हातावर, भिंत आणि लोखंडाच्या मध्ये. आवाज मी अजून विसरले नाही. भाऊ ओरडले नाहीत. पेटी खांद्याने तोलून धरत एवढंच म्हणाले, "तुले काहून एवढी घाई असते, वो?"

मधलं बोट तुटलं होतं. एक्स-रे आमच्याच सेंटरमध्ये काढला. संध्याकाळी पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी पेटी सर्व्हरला जोडली, आणि नव्या पेटीत पहिला कुठला फोटो गेला असेल तर तो त्यांच्याच हाताचा. पडद्यावर तो पंजा उमटला तेव्हा मी रडकुंडीला आले होते आणि हे महाशय हसत होते. "चला, पेटीची बोहनी झाली."

तेव्हापासून तो हात आमची खूण झाला. लाइट गेली, यूपीएस दमला, सगळं बंद पडलं की परत सुरू करताना एक अडचण असते. सर्व्हर दोन मिनिटांत उठतो आणि पेटीला आठही डिस्क जाग्या करायला नऊ-दहा मिनिटं लागतात. सर्व्हर उठून पेटी शोधतो, ती अजून तयार नसते, मग तो शोध सोडून देतो. म्हणून भाऊ प्रत्येक वेळी आतल्या खोलीत जायचे, प्लास्टिकच्या स्टुलावर पेटीसमोर बसायचे आणि एकेक दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचे. मग सर्व्हरवर स्वतः जोडणी करायची. आणि जोडणी झाली की तो हात उघडायचा, पाचही बोटं पडद्यावर नीट आली की नाही पाहायचं, आणि खिळ्याला बँडेजच्या पट्टीने टांगलेल्या शाळेच्या वहीत लिहायचं: तारीख, वेळ, लाइट गेली, जोडलं, हात उघडला. हे सगळं होईपर्यंत मी दारात उभी राहून पायाने ठेका धरलेला असायचा.

कारण बोलणी मी खायचे. बाहेर पोट दाबून बसलेली माणसं, त्यांचे नातेवाईक, वर डॉक्टरसाहेब, आणि आत हे दिव्यांसमोर आरती केल्यासारखे बसलेले. सर्व्हरमध्ये एक साधी खूण करायची सोय आहे, ती केली की तो पेटी सापडेपर्यंत आपणच शोधत राहतो आणि आपणच जोडून घेतो. ही गोष्ट मला माहीत होती आणि त्यांनाही. मी शंभरदा विचारलं असेल, भाऊ, आपोआप का नाही करून टाकत? ते म्हणायचे, "करता येते. पन मंग पेटीकडे कोनी जात नाही." मी चिडून म्हणायचे, जायचं कशाला? "अवो, तिले पाहाले."

मला वाटायचं, हा मोठेपणा आहे. आपल्यावाचून काम अडावं म्हणून माणसं असं करतात, आणि दफ्तरांत अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हे मी एकदा त्यांना तोंडावर बोलूनही दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावून जोडणी हाताने कशी करायची ते पहिल्यापासून शिकवलं, वहीत माझ्यासाठी दोन पानं स्वच्छ अक्षरात लिहून ठेवली आणि म्हणाले, "आता मी नसलो तरी अडत नाही, बरोबर?" लाज वाटायला हवी होती. मला तेव्हा वाटलं, सुटले.

पोटाचं दुखणं त्यांनी बरेच महिने अंगावर काढलं. दवाखान्यात भरती झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि आली. मी सर्व्हर सुरू केला, आतल्या खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि ती खूण करून टाकली. दहा मिनिटांनी पेटी आपोआप जोडली गेली, फोटो उघडायला लागले, कुणाची बोलणी नाहीत. मी खूश होते, अगदी हलकं वाटत होतं मला. त्यानंतर दोन आठवडे मी त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. मध्ये एकदा झाडलोट करणारी दीदी काउंटरवर येऊन म्हणाली, "मैडम, भीतरी म चिरई बोलत हे." आत चिमणी ओरडते म्हणे. एसीच्या मागे घरटं केलं असेल, एसीवाल्याला बोलावू, असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. त्यानंतरच्याच रविवारी मी भाऊंना भेटायला गेले होते.

भाऊंना निरोप दिला त्यानंतरच्या शुक्रवारची गोष्ट. महासमुंदकडचे एक म्हातारे गुरुजी बायकोला घेऊन आले होते. तिच्या यकृतावर एक गाठ होती, मागच्या वर्षी आमच्याकडेच सीटी काढलेला. घरची फिल्म पावसाळ्यात ट्रंकेत भिजून चिकटली होती. नवा सीटी झाला, डॉक्टरसाहेब म्हणाले, जुना शेजारी लावल्याशिवाय गाठ वाढली की तेवढीच आहे हे मी सांगणार नाही. मी नाव टाकलं आणि तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस चार मिनिटं टिकला. पाऊण तासाने लाइट आली, सर्व्हर उठला, मी वाट पाहिली. दहा मिनिटं, पंधरा, वीस. ड्राइव्ह सापडत नाही.

बाहेरच्या इंजिनियरला फोन केला, तो भिलाईला होता, उद्या येतो म्हणाला. गुरुजी काउंटरशी येऊन उभे राहिले. "मिल जाही न, बेटी?" मी म्हटलं, मिळेल, बसा. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. सात वर्षांचे फोटो त्या पेटीत. कितीतरी माणसांनी आपापल्या फिल्म्स आमच्या भरवशावर हरवल्या होत्या.

मग वहीतली ती दोन पानं आठवली. भाऊंचा क्रम तोंडपाठ होता, नको असतानाही झालेला. पहिले वायर पाहा. सर्व्हरच्या मागे केबलच्या टोकाशी दिवा लुकलुकत होता, म्हणजे वायर बरी. मग पेटीला हाक मार. सर्व्हरवरून पेटीच्या पत्त्यावर चार हाका जातात आणि ती जिवंत असेल तर चार उत्तरं येतात, चारही आली. मग दार उघडतं का पाहा. सर्व्हरला विचारलं, पेटी दिसते का? नाव दिसत होतं. पण नावाखाली जिथे डिस्क दिसायला हवी तिथे काहीच नव्हतं. पेटी घरी होती, ओ देत होती, आणि आतलं काही द्यायला तयार नव्हती. आता पुढची ओळ एकच होती: आत जाऊन पाहा.

दार उघडलं आणि चिमणी ऐकू आली. चीं... चीं... चीं. एसीमागे काही नव्हतं. पेटी ओरडत होती. आठ दिव्यांतले सहा हिरवे, तिसरा आणि सहावा लाल. एक डिस्क मेली तर ही पेटी सांभाळून घेते, म्हणूनच ती घेतात. दोन गेल्या तर मात्र सगळं हातचं जातं. दोघींतली एक आधीच कधी मेली असेल हे मला उमगलं तेव्हा मी त्याच स्टुलावर बसले. दीदीने चिमणी ऐकली त्या दिवसापासून ती डिस्क गेलेली होती, पेटी ओरडून सांगत होती, आणि उरलेल्या सात जणी तिचा भार वाहत होत्या. मी आपोआप करून ठेवलं होतं, त्यामुळे पाहायला कुणी गेलंच नव्हतं. रविवारी भाऊंनी विचारलं तेव्हा मी खरं बोलले असते तर ते काय म्हणाले असते हेही कळत होतं. जा, पाहून ये. नवी डिस्क बसवायला पाच दिवस हातात होते.

वही खिळ्यालाच होती. शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात, भरती होण्याच्या आदल्या दिवसाची. हात उघडला. त्याखाली कोरं. मी मागची पानं चाळत सुटले, तिसरी, सहावी, कुठल्याही एकीविषयी काहीतरी लिहिलं असेल. मागच्या थंडीतल्या एका पानाच्या कडेला सापडलं: "तीन नंबर सुरू व्हायला उशीर लावते, लाल दाखवते. मेली नाही. पेटी बंद करून तिले काढ, थोडं थांब, पुन्हा नीट बसव. बाकीच्यायले हात लावू नको तवा. घाई करू नको."

त्या चार-पाच ओळी माझ्यासाठी लिहिल्या होत्या. त्या खोलीत दुसरं कोण वाचणार होतं? मी पेटी रीतसर बंद केली. तिसरी ओढली, हातात धरून बसले. एवढीशी वस्तू, कोमट. मनात दहा आकडे मोजले, मग वीस, मग तीस, कारण माझ्या दहावर माझाच विश्वास नव्हता. खट आवाज येईपर्यंत परत आत ढकलली आणि पेटी सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदा ती नऊ मिनिटं मी त्या स्टुलावर बसून काढली. एकेक दिवा हिरवा झाला. सहावा लाल, तो तसाच राहणार होता. तिसरा लाल... लाल... मी त्याला नको नको ते बोलले. मग तो पिवळा झाला, मिचमिचला, आणि हिरवा झाला.

जोडणी हाताने केली. बाहेर गुरुजी थांबले होते, डॉक्टरसाहेब थांबले होते, गुरुजींच्या बायकोचं नाव माझ्या जिभेवर होतं. तरी आधी हात उघडला. काळ्या पडद्यावर पांढरा पंजा, मधल्या बोटात ती बारीक तिरपी रेघ, शेजारच्या बोटात अंगठीची पांढरी पट्टी. पाचही बोटं. सात वर्षं त्यांच्या खांद्यावरून हा फोटो मी घाईघाईने पाहत आले होते, अंगठी मला कधी दिसली नव्हती. मग गुरुजींच्या बायकोचा जुना सीटी काढून दिला. गाठ तेवढीच होती, वाढलेली नव्हती. गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी नवी सहावी डिस्क बसली, आणि उरलेल्या सात जणींकडून ती भरून निघेपर्यंत दीड दिवस मी दर तासाला आत जाऊन येत होते.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर आठवड्याभराने गुढियारीत गेले. त्या हाताची एक फिल्म छापून नेली होती, वहिनींना द्यायला. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अंगठी पाह्य. मंगळवारी बी निघाली नाही." त्यांची मुलगी सुजाता भाऊंचा फोन घेऊन आली. भरती झाले तेव्हापासून तो बंद करून कपाटात ठेवला होता, आता उघडला तर त्यात पत्रंच पत्रं. "दीदी, ये सब आपके सेंटर से आया है." पेटी अडचणीत आली की ई-मेल पाठवते, आणि त्या सोयीत पत्ता भाऊंचाच दिलेला होता. सहावी मेली त्या दिवसापासून रोज एक. एकही उघडलेलं नाही.

मग मी वहिनींना सांगितलं. खूण केली ते, आत गेले नाही ते, रविवारी खोटं बोलले ते. मला वाटतं मी माफीसाठी सांगत होते. वहिनी फिल्मकडे बघत ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यायले समजलं होतं. तू गेल्यावर म्हने, पोट्टी खोटं बोलली. खोटं बोलते तवा लवकर बोलते."

मी विचारलं, रागावले होते का?

"रागावून नाही म्हनलं. अजून काहीतरी सांगणार होते, पन नर्स आली सुई द्यायले. मंग झोपले."

एवढंच. ते पुढे काय सांगणार होते हे आता कुणाला विचारायचं? वहिनींना माहीत नाही, वहीत नाही, फोनमध्ये नाही. मी चहा अर्धा टाकून उठले. काम करताना, रस्त्यात, भाजी घेताना मी ते अर्धं वाक्य पुरं करत असते, कधी ओरडा म्हणून, कधी थट्टा म्हणून, आणि कुठलंच बसत नाही.

ती आपोआपची खूण मी काढून टाकली. पेटीची पत्रं आता माझ्या फोनवर येतात. ही पद्धत कशी चुकीची आहे, मोठ्या जागी असं कुणी करत नाही, असं भिलाईचा इंजिनियर हसून सांगून गेला, आणि त्याचं काही खोटं नाही. तरी लाइट गेली की मी काउंटर सोडून आत जाते. बाहेर बोलणी चालू असतात. मी दार लावून घेते, स्टुलावर बसते, आठ दिवे हिरवे होईपर्यंत थांबते, तिसऱ्याला जरा जास्त वेळ देते. माझा पाय अजून ठेका धरतो, त्याला मी काही करू शकत नाही. मग जोडते, हात उघडते, पाचही बोटं पाहते, अंगठीसुद्धा. वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीनंतरच्या कोऱ्या ओळी मी तशाच सोडल्या आहेत. त्यांच्या खाली तारीख आणि वेळ लिहिते. आणि लिहून झालं की त्या रिकाम्या खोलीत, कुणी ऐकत नसताना, जमेल तितकं सावकाश म्हणते, "उघडला, भाऊ."